अंदमानात सहा दिवस: आधी भरती-ओहोटी पाहा, मग ठिकाणे ठरवा

जानेवारीच्या अखेरीस आपण सहा दिवसांसाठी अंदमानला निघाला आहात, सोबत दहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीतले आई-वडील आहेत, आणि सहल आखणाऱ्यांनी दिलेल्या कार्यक्रमात चौदा ठिकाणे आहेत. त्यांपैकी कोणती ठेवावीत, कोणती गाळावीत आणि पाण्यातले कोणते प्रकार मुलीला व आई-वडिलांना झेपतील, असा आपला प्रश्न आहे. मी आजवर चार वेळा तिथे गेलो आहे, त्यांपैकी दोन वेळा वयस्कर मंडळी बरोबर होती. त्या अनुभवावरून माझे म्हणणे एवढेच आहे की ठिकाणांची यादी क्षणभर बाजूला ठेवून त्या सहा दिवसांचे भरती-ओहोटीचे कोष्टक आधी मिळवा. त्या बेटांवर एकच किनारा सकाळी आणि सहा तासांनंतर इतका वेगळा असतो, की चुकीच्या वेळी गेलेला माणूस 'तिथे पाहण्यासारखे काही नाही' असे मनापासून सांगत परत येतो.

माझ्याच पहिल्या सहलीत असे झाले होते. शहीद द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या नील बेटावर, लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यापाशी खडकाची एक नैसर्गिक कमान आहे. बेटावर पूर्व बंगालमधून येऊन वसलेली बंगाली कुटुंबे बरीच असल्याने तिला तिथे 'हावडा ब्रिज' म्हणतात. आमच्या गाडीवाल्याने सोयीची वेळ म्हणून आम्हाला ऐन भरतीत तिथे नेले. कमानीपर्यंत जाण्याची वाट पाण्याखाली होती. आम्ही दुरून फोटो काढून परतलो. दुसऱ्या सहलीत ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी पोहोचलो, तेव्हा त्याच जागी शेकडो पावले लांब खडकाळ तळ उघडा पडलेला होता आणि त्याच्या खळग्यांमध्ये साचलेल्या पाण्यात समुद्रकाकड्या, काळ्या लांब काट्यांचे समुद्री साळिंदर, इवलेसे निळे मासे आणि सावली पडताच निळ्याजांभळ्या कडा आत ओढून घेणारे मोठे शिंपले दिसत होते. एका स्थानिक वाटाड्याने खडकाच्या फटीतला ऑक्टोपस दाखवला. तो रंग बदलत सरकेपर्यंत आम्हाला तो दगडच वाटला होता. मुलीसाठी संपूर्ण सहलीत याहून चांगले दोन तास मिळणार नाहीत, असे मी खात्रीने सांगतो. मात्र तिच्या पायात घट्ट बसणारे, जाड तळव्याचे बूट हवेत, चपला नकोत. पाय नेहमी वाळूवर किंवा उघड्या दगडावरच ठेवायचा. जिवंत प्रवाळावर पडलेले एक पाऊल कित्येक वर्षांची वाढ मोडून टाकते.

कोष्टक वाचणे अवघड नाही. दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात आणि प्रत्येकीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाणी जास्त चढते आणि जास्त मागेही हटते. अष्टमीच्या सुमारास हा फरक सर्वांत कमी असतो. खडकावरची भटकंती उधाणाच्या दिवसांतल्या ओहोटीला करावी. स्नॉर्कलिंगसाठी, म्हणजे मास्क आणि श्वासनळी लावून पृष्ठभागावर तरंगत तळ पाहण्यासाठी, मात्र पाणी पुरेसे चढलेले असावे, कारण ओहोटीत प्रवाळावर गुडघाभरच पाणी उरते आणि माणसाचे गुडघे व प्रवाळ दोन्ही सोलवटून निघतात.

दुसरी गोष्ट उजेडाची. घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचे असले तरी ही बेटे त्या वेळेच्या रेखावृत्ताच्या सुमारे दहा अंश पूर्वेला आहेत, त्यामुळे सूर्य घड्याळापेक्षा जवळजवळ चाळीस मिनिटे पुढे चालतो. जानेवारीत सायंकाळी साडेपाचच्या आतबाहेर सूर्य मावळतो आणि काळोख झपाट्याने पडतो. आपल्या कार्यक्रमात 'सायंकाळी 5 वाजता राधानगर किनारा' असे लिहिले आहे. तिथे साडेतीनलाच पोहोचा.

राधानगर स्वराज द्वीपाच्या, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकच्या, पश्चिम बाजूला आहे आणि आई-वडिलांसाठी तो सर्वांत योग्य किनारा आहे. मऊ वाळू, हळूहळू खोल होत जाणारा तळ, मागे उंच झाडांची गर्द सावली आणि बसायला जागा, असे सगळे तिथे एकत्र मिळते. 2020 मध्ये त्याला 'ब्लू फ्लॅग' हे स्वच्छ किनाऱ्यांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले आहे. पोहण्यासाठी आखून दिलेल्या हद्दीतच राहावे. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, हे सहलीच्या माहितीपत्रकात सहसा लिहिलेले नसते. खारफुटीच्या खाड्या आणि त्यांच्या तोंडाशी असलेले किनारे इथे धोक्याचे. राधानगर किनाऱ्याच्याच टोकाजवळच्या नील्स कोव्हमध्ये 2010 साली मगरीच्या हल्ल्यात एका परदेशी पर्यटक तरुणीचा मृत्यू झाला होता. जिथे मगरींचा इशारा देणारा फलक आहे तिथे पाणी कितीही शांत दिसले तरी घोट्यापर्यंतसुद्धा उतरू नका.

आता पाण्यातल्या प्रकारांविषयी. मुलीसाठी मी स्नॉर्कलिंग निवडेन आणि त्यासाठी स्वराज द्वीपाचा एलिफंट किनारा ठीक आहे. जेट्टीवरून बोटीने जाता येते, जंगलातून चालतही जाता येते, पण चालण्याची वाट चिखलाची असल्याने आई-वडिलांना बोटच बरी. पहिल्या बोटीने जा. दहानंतर तिथे इतकी गर्दी होते की पायांनी ढवळलेल्या वाळूमुळे पाणी गढूळ होते. आदल्या दिवशी मुलीला उथळ पाण्यात उभे राहून मास्क लावून तोंडाने श्वास घ्यायची सवय करू द्या. ज्या मुलांना बोटीतून थेट खोल पाण्यात उतरवतात, ती घाबरतात आणि पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. जीवरक्षक जाकीट तिच्या मापाचे आहे ना, हे स्वतः पट्टे ओढून पाहा. सनस्क्रीनचे थर देण्याऐवजी लांब बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घालावा, कारण पाठ सर्वाधिक भाजते आणि काही सनस्क्रीनमधली ऑक्सिबेन्झोनसारखी रसायने प्रवाळाला घातक ठरतात.

पहिल्या अनुभवासाठीचे स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरणे, प्रशिक्षकाच्या हाताला धरून करतात, त्यासाठी पोहता यावेच असे नाही आणि दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांनाही सहसा घेतात. तरीही मी मुलीपेक्षा आपण दोघांनी ते करावे असे म्हणेन. दहा मीटर खोलीवर शरीरावरचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि हा फरक सर्वांत आधी कानाला जाणवतो. नाक दाबून हलकेच हवा सोडत कान मोकळे करणे ज्याला साधत नाही, त्याने दुखणे सोसत खाली जाऊ नये, सरळ वर यावे. सर्दी असेल तर त्या दिवशी स्कूबा रद्द करावे. दमा, हृदयविकार किंवा कानाची शस्त्रक्रिया झाली असेल तर आरोग्याच्या अर्जात ते प्रामाणिकपणे लिहावे आणि डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्यावा. आपल्या कार्यक्रमात स्कूबा शेवटच्या दिवशी सकाळी आणि विमान दुपारी आहे. हा क्रम बदललाच पाहिजे. एका डाइव्हनंतर, म्हणजे एकदा पाण्याखाली जाऊन आल्यावर, किमान 12 तास आणि एकाहून अधिक डाइव्ह केल्यास किमान 18 तास विमानात बसू नये, अन्यथा रक्तात विरघळलेला नायट्रोजन कमी दाबात बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडण्याचा धोका असतो.

जाहिरातींतल्या फोटोंइतके रंग मात्र अपेक्षू नका. 2010 च्या उन्हाळ्यात समुद्राचे पाणी तापल्याने इथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते आणि उथळ पाण्यातले बरेचसे मेले. मासे अजूनही भरपूर आहेत. त्यातल्या त्यात चांगले प्रवाळ पाहायचे असतील तर वांडूरहून बोटीने जॉली बॉय बेटावर जावे. ते महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येते, त्यासाठी वनविभागाचा परवाना आधी घ्यावा लागतो आणि प्लास्टिक नेऊ देत नाहीत. तळाला काच असलेल्या बोटीतून आई-वडिलांनाही न भिजता प्रवाळ पाहता येतात, मात्र मोठ्या बोटीतून छोट्या बोटीत उतरताना दोघांनाही हात द्यावा लागेल.

श्रीविजयपुरम, म्हणजे पोर्ट ब्लेअर, इथल्या सेल्युलर जेलला कार्यक्रमात एक तास दिला आहे. तो अपुरा आहे. 1896 ते 1906 या काळात बांधलेल्या सात इमारतींपैकी आज तीनच उरल्या आहेत, पण एका इमारतीच्या कोठड्यांसमोर दुसरीची पाठ येईल अशी जी रचना केली होती, ती तिथे उभे राहिल्यावरच कळते. सावरकरांच्या कोठडीपर्यंत जिने चढावे लागतात, तेव्हा आई-वडिलांना घाई करू नका. समोरच्या रॉस बेटावर, आताच्या नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर, ब्रिटिशांच्या जुन्या इमारतींच्या भिंती झाडांच्या मुळांनी कवटाळल्या आहेत. तिथे चालणे कमी आहे आणि हरणे जवळ येतात म्हणून मुलगीही रमेल.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा मी आपल्या यादीतून गाळेन. पहाटे तीनच्या सुमारास निघावे लागते, पूर्ण दिवस जातो आणि रस्ता जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव प्रदेशातून जातो. वाहने ठरलेल्या वेळी ताफ्यानेच सोडतात, थांबणे आणि फोटो काढणे गुन्हा आहे, आणि तरीही गाडीतल्या माना त्या लोकांसाठीच वळलेल्या असतात. ज्यांनी आपल्याला बोलावलेले नाही त्यांच्या अंगणातून केवळ सहलीसाठी जाणे मला एकदा गेल्यावर पुन्हा पटले नाही.

तो वाचलेला दिवस शहीद द्वीपाला द्या आणि तिथे दोन रात्री राहा. तिथे तीन रात्री काढणेही मला जास्त वाटणार नाही. आपल्या तारखा अमावास्येच्या जवळ येत असतील तर स्वराज द्वीपावर रात्रीच्या कायाकची, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीची, चौकशी करा, कारण वल्ह्याच्या प्रत्येक फटकाऱ्यासरशी पाण्यातल्या सूक्ष्म जिवांची उठणारी निळसर चमक फक्त काळोखातच नीट दिसते; चांदण्या रात्री त्यासाठी पैसे देऊ नयेत. मुलगी शांत बसू शकत असेल तर तिला जरूर न्या, आई-वडिलांना नको.

क्रम असा ठेवा: पहिला दिवस श्रीविजयपुरम, मग दोन रात्री स्वराज द्वीप, दोन रात्री शहीद द्वीप, आणि सहाव्या दिवशी परत. विमान सकाळचे असेल तर शहीद द्वीपाची एक रात्र कमी करून पाचव्या दिवशीच परता, कारण समुद्र खवळला की फेरी बोटी रद्द होतात आणि त्याची खबर कधी कधी जेट्टीवर पोहोचल्यावरच मिळते. किनाऱ्यावरचे शिंपले-शंख मुलीच्या पिशवीत राहिलेले नाहीत ना, हे निघण्याआधी पाहा; प्रवाळ आणि शंखांच्या अनेक जाती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि विमानतळावर सामान तपासताना ते काढून घेतात. आपल्या नेमक्या तारखा कळवल्यात तर कोणत्या दिवशी ओहोटी उजेडात येते ते पाहून लक्ष्मणपूरची वेळ मी आपल्याला सांगेन.