कागदी पोस्टरला सरकार कशाला घाबरेल?

प्रश्न: वर्णभेद, युद्ध असल्या गोष्टींविरुद्ध पोस्टर चिकटवून खरंच काही होतं का हो? मला तर ते नुसतं कलाकारांचं समाधान वाटतं.

उत्तर: एकट्या पोस्टरने राजवट पडत नाही, कबूल. पण दक्षिण आफ्रिकेतलंच बघा ना, तिथून बाहेर पडलेले कलाकार शेजारच्या बोट्स्वानात, गाबोरोनला मेडू नावाचा ग्रुप करून पोस्टरं छापायचे आणि ती चोरून सीमेपलीकडे जायची, आणि तिकडे बंदी घातलेलं पोस्टर जवळ सापडलं तरी माणूस अडकायचा. १४ जून १९८५ ला दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने गाबोरोनवर रात्री छापा घातला, त्यात मेडूचे चित्रकार थामी म्न्येले मारले गेले. नुसतं समाधान असतं तर इतका त्रास कोण घेईल?

छपाई बहुतेक स्क्रीन प्रिंटिंगची. एक फ्रेम, जाळी, शाई, झालं काम, मोठं मशीन नको की प्रेसवाल्याची परवानगी नको. १९७० मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी तर व्हिएतनाम युद्धाविरुद्धची पोस्टरं कॉम्प्युटरच्या वापरलेल्या कागदांच्या पाठीवर छापली होती (आज तेच म्युझियममध्ये जपतात, गंमतच आहे). आणि पेपर, रेडिओवर सेन्सॉर असला की भिंतच उरते.