वाचकांचे प्रश्न : रॉबर्ट फ्रॉस्ट आणि न्यू इंग्लंडची शेती

रॉबर्ट फ्रॉस्ट या अमेरिकी कवीबद्दल गोव्यातल्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना या वेळी एकत्र उत्तरं देत आहोत.

प्रश्न : फ्रॉस्टला शेतकरी कवी म्हणतात. त्याने खरोखर शेती केली होती का? (म्हापसा)

केली होती, पण नुसत्या शेतीवर त्याचं घर चाललं नाही. तो जन्मला सॅन फ्रान्सिस्कोत, २६ मार्च १८७४ रोजी. वडील वर्तमानपत्रात होते. ते १८८५ मध्ये क्षयाने गेले आणि आई मुलांना घेऊन मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स या गिरणगावी आली. म्हणजे कवीचं बालपण गेलं ते शहरांत. १९०० मध्ये आजोबांनी न्यू हॅम्पशायरमधल्या डेरी गावी तीस एकरांचं शेत घेऊन दिलं, तिथे तो कोंबड्या पाळू लागला. आजोबा पुढच्याच वर्षी वारले. त्यांच्या मृत्युपत्रातून दरसाल ठरावीक रक्कम मिळे, तिचा मोठा आधार होता. १९०६ पासून तो जवळच्या पिंकर्टन अकॅडमीत शिकवूही लागला.

१९०३ ते १९०५ या काळात त्याने कुक्कुटपालनाच्या नियतकालिकांत गोष्टी आणि लेख लिहिले. गीज (हंसासारखे पाळीव पक्षी, जे जमिनीवरच झोपतात) झाडावर झोपतात असं त्यात एकदा लिहून गेला आणि जाणकार वाचकांनी त्याला पकडलं. या धंद्यातला वाचक चूक खपवून घेत नाही, हे त्याला तिथेच कळलं असणार. त्याच्या कवितेत कामाचा तपशील इतका चोख का असतो, याचं एक कारण आम्हाला इथे दिसतं.

शेत १९११ मध्ये विकलं. १९१२ मध्ये बायकामुलांसह तो इंग्लंडला गेला. पहिला संग्रह १९१३ मध्ये लंडनमध्ये निघाला, तेव्हा तो एकोणचाळीस वर्षांचा होता. दुसरा, 'नॉर्थ ऑफ बोस्टन', १९१४ मध्ये. खाली ज्या शेतीच्या कवितांचा उल्लेख आहे त्या सगळ्या या दुसऱ्या संग्रहातल्या. पुढे चार वेळा पुलित्झर हे अमेरिकी साहित्य पारितोषिक मिळालं : १९२४, १९३१, १९३७ आणि १९४३.

प्रश्न : 'मेंडिंग वॉल'मधली भिंत दरवर्षी आपोआप का पडते? आमचा चिऱ्यांचा गडगा पावसात कोसळतो ते समजतं, पण तिथे तर बांधणाराच कोड्यात पडलेला दिसतो. (फोंडा)

तो कोड्यात नाही. भिंत का पडते ते पहिल्या चार ओळींतच सांगून टाकतो : जमीन गोठून खालून फुगते आणि वरचे धोंडे उन्हात ओघळतात.

आपला गडगा पडतो तो बहुधा मागची माती पाण्याने जड होऊन त्याला बाहेर रेटते म्हणून. न्यू इंग्लंडमधला, म्हणजे फ्रॉस्टच्या ईशान्य अमेरिकेतला, दाब खालून येतो. पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्के फुगतं, पण एवढ्याने भिंत हलणार नाही. खरं काम करतात ते मातीतले बर्फाचे पापुद्रे. बारीक माती खालचं पाणी वर ओढते, ते पाणी येऊन त्याच पापुद्र्यांवर गोठतं आणि थर जाड होत जातो. वरची जमीन धोंड्यांसकट उचलली जाते. वसंतात बर्फ वितळतं, पण सगळीकडे एकाच वेळी आणि सारखं नाही. कुठे जमीन आधी बसते, कुठे मागाहून. भिंतीला चुना नाही, सिमेंट नाही, खोल पाया नाही, दगडावर दगड रचलेला. एक धोंडा कलला की त्यावरचे घरंगळतात. कवितेत दोन माणसं शेजारी-शेजारी चालत जातील एवढं खिंडार पडलेलं आहे.

दगडही तिथलेच. हिमनद्यांनी मागे टाकलेल्या धोंड्यांनी ती जमीन भरलेली आहे आणि दर हिवाळ्यात आणखी काही वर येतात. नांगराच्या वाटेतले धोंडे उचलून शेताच्या कडेला टाकायचे, त्यातूनच हद्दीची भिंत उभी राहायची. म्हणून त्यांत घडीव दगड नाहीत. काही पावासारखे, काही जवळजवळ चेंडूसारखे गोल. गोल दगड बसवून हात काढला की तो पडतो. दुरुस्तीची पद्धतही नेमकी दिली आहे : दोघे शेजारी भिंतीच्या दोन बाजूंनी चालतात आणि ज्याच्या बाजूला जो धोंडा पडला तो त्याने उचलायचा.

हे लक्षात आलं की निवेदक आणि शेजारी यांच्यातला वाद कशाचा ते उलगडतं. भिंतीचा उपयोग गुरं अडवण्यापुरता. इथे गुरं नाहीत. एकाची पाइनची झाडं, दुसऱ्याची सफरचंदं. झाडं काही हद्द ओलांडून चरायला जात नाहीत. तरीही शेजारी वडिलांचं वाक्य धरून बसतो : कुंपण चांगलं तर शेजार चांगला. वर्गात इथे शेजाऱ्याला मागासलेला ठरवून विषय संपवतात. पण एक ओळ सहसा सुटते. दुरुस्तीची वेळ झाली हे टेकडीपलीकडच्या शेजाऱ्याला कळवतो कोण? भिंत नकोशी असलेला निवेदकच. ती ओळ धरल्याशिवाय कविता हाती लागत नाही.

प्रश्न : 'द वुड-पाइल'मध्ये 'कॉर्ड' हे माप येतं. किती लाकूड? (डिचोली)

चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब अशी रचलेली रास, म्हणजे १२८ घनफूट. फ्रॉस्ट ही मापं कवितेतच देतो आणि लाकूड मेपलचं आहे हेही सांगतो.

ओल्या मेपलमध्ये वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाणी असतं. तसंच चुलीत घातलं तर धगेचा काही भाग पाणी उडवण्यातच जातो, धूर होतो, धुराड्यात काजळी धरते. म्हणून झाड तोडायचं, ओंडके करायचे, ते उभे फोडायचे आणि वर्षभर वाऱ्यावर रचून ठेवायचे. फोडायचं यासाठी की सालीतून ओल निघत नाही. आता कवितेतली रास पाहा : लाकूड करडं पडलेलं, साल सुटलेली, भोवती क्लेमॅटिसची वेल गुंडाळलेली, टेकूचा खुंट पडायला आलेला. म्हणजे लाकूड जाळण्याजोगं होऊनही बराच काळ उलटला आणि कोणी न्यायला आलंच नाही. इतके कष्ट करून माणूस विसरला कसा, हा कवितेतला प्रश्न आहे. शेवटी रास कुजत कुजत बिनधुराची जळते आहे असं तो म्हणतो, ते शास्त्रालाही धरून आहे. बुरशी लाकडाचं सावकाश ज्वलनच करते आणि त्यातून उष्णताही निघते.

प्रश्न : 'द रोड नॉट टेकन' धाडसाची कविता आहे ना? (मडगाव)

नाही. रानात फुटलेल्या दोन्ही वाटा जवळजवळ सारख्याच मळलेल्या होत्या हे निवेदक स्वतः सांगतो. पुढे कधीतरी आपण कमी मळलेली वाट घेतली असं सांगू, हेही त्यालाच ठाऊक आहे. कवितेमागे फ्रॉस्टचा इंग्रज मित्र एडवर्ड थॉमस आहे. फिरायला गेल्यावर कुठलीही वाट घेतली तरी तो दुसरीबद्दल हळहळायचा.

प्रश्न : आमच्या वाचनमंडळात 'द डेथ ऑफ द हायर्ड मॅन' वाचायची आहे. कशी वाचावी? मराठी अनुवाद करायला परवानगी लागेल का? (पेडणे)

तीन आवाज घ्या : वॉरन, त्याची बायको मेरी आणि निवेदक. ओळ संपली म्हणून थांबू नका, विरामचिन्ह आलं की थांबा. सर्वांत जास्त बिघडतं ते इथेच. आपल्याला कविता चालीत म्हणायची सवय. तशी म्हटली की नवरा-बायकोचं बोलणं मरतं. ओळीत पाच आघात आहेत, पण ते मोजून दाखवायचे नाहीत. बंद दाराआडून बोलणं ऐकू यावं, शब्द कळू नयेत, तरी भांडण आहे की समजूत हे कळावं, असा आवाज वाक्यात हवा, असं फ्रॉस्टने १९१३ च्या एका पत्रात म्हटलं आहे. पहिली तालीम याच कसोटीवर घ्या : एकाने दाराबाहेर उभं राहायचं.

एक जागा जपा. सायलस हा म्हातारा गडी गवतकापणीच्या ऐन हंगामात सोडून गेला होता, म्हणून वॉरन चिडलेला आहे. तरी एक गुण तो कबूल करतो. सायलस गाडीत गवताचा प्रत्येक झेला असा रचतो की उतरवताना तो नेमका सुटतो. नवखा माणूस ज्या गवतावर उभा असतो तेच दाताळ्याने उपसायला बघतो, म्हणजे स्वतःचंच वजन उचलत बसतो. सायलस तसं कधी करत नाही. वॉरनच्या तोंडी हे आलं की त्याचा राग उतरू लागलेला असतो. वाचणाऱ्याने आवाज इथे खाली आणायचा, पुढे 'घर' म्हणजे काय यावर दोघं बोलतात तिथे नव्हे. तिथे उशीर झालेला असतो.

परवानगीचं सोपं आहे. फ्रॉस्ट २९ जानेवारी १९६३ रोजी बोस्टनमध्ये वारला. भारतात लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो, तो २०२३ अखेर संपला. त्याच्या हयातीत छापलेल्या कवितांचा अनुवाद तुम्ही इथे खुशाल करा आणि छापा. दुसऱ्या कोणाचा अनुवाद वापरणार असाल तर मात्र त्या अनुवादकाची परवानगी घ्यावी लागेल.