नवीन राज्य तयार झालं की पहिल्या दिवशी सरकार चालवतं कोण?

प्रश्न विचारणाऱ्यांनी तेलंगणाचं उदाहरण दिलंय. 1 जूनपर्यंत जे राज्यच नव्हतं, तिथं 2 जून 2014 ला मुख्यमंत्री, अधिकारी, तिजोरी हे सगळं एका रात्रीत आलं कुठून? रात्रीत काहीही येत नाही. जुन्याचीच वाटणी होते, आणि ती वाटणी मंत्री करत नाहीत, कारकून करतात. मी सांगली जिल्ह्यात महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, त्यामुळं हा प्रश्न बघून गप्प बसवेना.

मुख्यमंत्र्याचं आधी उरकून घेतो, कारण त्यात फारसं काही नाही. संसदेनं कायदा केला की त्यातच नवीन राज्याचा 'नियत दिवस', म्हणजे ते ज्या दिवसापासून सुरू होतं तो दिवस, ठरवायची सोय असते आणि आमदार-खासदारांची विभागणीही असते. आंध्रात मार्च 2014 पासून राष्ट्रपती राजवट होती, निवडणूक अखंड राज्याचीच झाली. निकालानंतर विधानसभेच्या 119 जागा तेलंगणाच्या, 175 आंध्रच्या. नरसिंहन एकटेच दोन्हीकडचे राज्यपाल. त्यांनी 2 जूनला के. चंद्रशेखर राव यांना तेलंगणाच्या मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली आणि 8 जूनला चंद्राबाबू नायडूंना आंध्रच्या. 1960 ला आपल्याकडं तर निवडणूकसुद्धा झाली नाही. आमच्या देवराष्ट्र्यात जन्मलेले यशवंतराव 30 एप्रिलला द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते, 1 मे ला महाराष्ट्राचे झाले. त्यांच्याच मंत्रिमंडळातले जीवराज मेहता गुजरातचे मुख्यमंत्री. आमदार आपापल्या मतदारसंघाबरोबर गेले. झालं सरकार.

कायदेही जुनेच चालतात. कूळकायद्याच्या कागदावर आम्ही महाराष्ट्र होऊन पन्नास वर्षं झाली तरी 'मुंबई कूळवहिवाट' असंच लिहीत होतो. खर्चाचं म्हणाल तर नव्या विधानसभेची मंजुरी येईपर्यंत राज्यपालांनी तात्पुरता खर्च मंजूर करायची सोय पुनर्रचनेच्या कायद्यातच असते.

हे झालं पुस्तकातलं. आता जे पुस्तकात नसतं ते.

आमचा तालुका फुटला त्याला पंचवीसएक वर्षं होतील. नाव घेत नाही, दोन्हीकडची माणसं अजून लग्नाकार्यात भेटतात. घोषणा झाली त्या दिवशी आमचे साडू गुलालानं न्हाले होते. ते पक्षाचं काम करायचे, तालुक्याच्या मागणीचे मोर्चे त्यांनीच काढलेले. नवीन तहसील कचेरी म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या आणि बाहेर ओल्या रंगाचा बोर्ड. आत शिक्के होते ते जुन्या तालुक्याचे. आकृतिबंध (कचेरीत कुठली किती पदं हे ठरवणारा तक्ता) मंजूर नव्हता, म्हणजे पदं नाहीत. पदं नाहीत म्हणजे पगार जुन्या कचेरीच्या बिलात. आणि जुन्या कचेरीनं माणसं द्यायची म्हटल्यावर तिनं कुणाला दिलं असेल? ज्यांना हलवायला साहेब कधीपासून टपले होते त्यांना. त्या यादीत मीही होतो, कारण विचारू नका.

मग दप्तराची वाटणी. गाववार बांधलेले रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोपे. वरची चिठ्ठी वाचायची, यादीवर खूण करायची, ट्रॉलीत टाकायचा. (ट्रॉली उसाची. हंगाम संपला होता म्हणून मिळाली.) खरी गोम बांधीव रजिस्टरांत होती. जन्म-मृत्यूच्या नोंदींचं एक जाडजूड बाड होतं, बरंचसं मोडीत, कडा कसरीनं खाल्लेल्या. दोन-चार पानं उलटली की गाव बदलायचं. एक गाव आमच्याकडं आलेलं, पुढचं त्यांच्याकडं राहिलेलं. शिवण उसवून पानं वेगळी करावीत तर त्या कागदाला पुरावा म्हणून कोण विचारणार? रेकॉर्ड सांभाळणारे बाबा जुन्या वळणाचे. त्यांनी बाडावर हात ठेवून सांगितलं, "मी रिटायर होईपर्यंत हे या खोलीबाहेर जाणार नाही." पत्रव्यवहार झाला, साहेबांची बैठक झाली, आणि ठरलं काय, तर मूळ बाड तिथंच, आम्हाला साक्षांकित नकला. त्या नकला करायला मोडी वाचणारा एकच माणूस, तोही निवृत्त, घरून बोलावून आणायचा.

जातीच्या दाखल्यासाठी पणजोबाची नोंद हवी असली आणि कुणी मूळ नोंद बघायला मागितली की नवीन तालुक्याच्या माणसाला पुन्हा जुन्याच तालुक्याला हेलपाटा. माणसं शिव्या कुणाला घालणार? खिडकीत बसलेल्याला. एका लग्नात पंगतीला साडू चारचौघांत म्हणाले, "अण्णा, तालुका आमी आणला, तुमी कारकुनांनी अडीवला." तेव्हा जिलेबी वाढत होते म्हणून मी बोललो नाही.

आता तेलंगणाकडं बघा, म्हणजे हे आमच्याच तालुक्याचं रडगाणं नव्हे हे कळेल. कर्मचारी कुठल्या राज्याचे हे ठरवायला कमलनाथन समिती बसवावी लागली आणि वाटप वर्षानुवर्षं चाललं. जून 2015 ला तेलंगणाच्या वीज कंपन्यांनी हजाराहून जास्त लोकांना 'तुम्ही आंध्रचे' म्हणून कार्यमुक्त केलं. आंध्र त्यांना घेईना. भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. दोन राज्यांना उच्च न्यायालय एकच होतं, ते 1 जानेवारी 2019 ला वेगळं झालं. जिथं लोकसंख्येप्रमाणे वाटायचं तिथं आंध्रला 58.32 टक्के आणि तेलंगणाला 41.68 टक्के, हा हिशेब कागदावर सरळ दिसतो. पण हैदराबादेत ज्या सामाईक संस्था होत्या, त्यांचं काय करायचं? आमच्या बाडासारखंच. हैदराबाद 10 वर्षं दोघांची राजधानी राहणार होती, तरी आंध्रनं 2016 मध्येच आपला बाडबिस्तरा अमरावतीकडं हलवला. आमच्या कृष्णेचं पाणीसुद्धा खाली गेल्यावर वाटणीत सापडलं, त्यासाठी वेगळं मंडळ.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: पहिल्या दिवशी सरकार चालवतात ते आदल्या दिवशी चालवणारेच. आयएएस-आयपीएसचं वाटप केंद्र करतं, बाकीचे तात्पुरते जिथं आहेत तिथं राहतात, आणि खरं राज्य उभं राहायला पाच-दहा वर्षं लागतात. शपथविधी बघून त्यातलं काही कळत नाही. स्पर्धा परीक्षेसाठी विचारत असाल तर 2014 च्या आंध्र प्रदेश पुनर्रचना कायद्याची परिशिष्टं वाचा, भाषणं वाचू नका.

आता साडूंचं. ते सध्या कराड जिल्हा झालाच पाहिजे म्हणून सांगत फिरतात. साताऱ्याची वाटणी एकदा झालेली आहे. 1949 ला उत्तर आणि दक्षिण सातारा झाले, पुढं महाराष्ट्र झाल्यावर दक्षिणेचं सांगली झालं. तेव्हा औंध, जत, मिरज, सांगली असल्या संस्थानांची दप्तरं नुकतीच ब्रिटिश मुलखाच्या दप्तरात मिसळत होती. ते काम गुलाल उधळून झालेलं नाही. पालघर 1 ऑगस्ट 2014 ला जिल्हा झाला, जिल्हा मुख्यालयाची इमारत 2021 ला मिळाली.

राज्य आणि तालुका एक नव्हे, हे मला कळतं. तालुक्याला विधानसभा नाही, स्वतःचा कर नाही, कायदा करता येत नाही. राज्याकडं हे सगळं असतं, त्यामुळं त्याला आपली पदं आपण मंजूर करता येतात आणि ते लवकर सावरतं. आणि नवा तालुका वाईट झाला असंही माझं म्हणणं नाही. आमच्या लांबच्या वाड्यांना पूर्वी दोन एसट्या बदलून तहसीलला यावं लागे, आता एकीत भागतं.

तेव्हा साडूंनी कराड जिल्हा जरूर करावा. पण पुढच्या मोर्चात 'जिल्हा झालाच पाहिजे'च्या खाली आकृतिबंध, लेखाशीर्ष (खर्च ज्या खात्यावर पडतो ते) आणि इमारत हे तीन शब्दही फलकावर लिहावेत. आणि रेकॉर्ड रूमला मोडी वाचणारा एक तरी माणूस मागून घ्यावा, पदनाम काहीही द्या.