जनरेटरची वीज घरात घ्यायची कशी?

प्रश्न : निसर्ग वादळात फार हाल झाले, म्हणून छोटा पेट्रोल जनरेटर घेतला. शेजारी म्हणतात, दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून सॉकेटमध्ये लावा, झालं. चालेल का?
– एक वाचक, दापोली

उत्तर : अजिबात नको. त्या वायरीची एक पिन निसटली की ती उघडी असते आणि तिच्यात वीज असते. घरात लहान मूल असेल तर विचारच करायला नको. मेन स्विच बंद करायचा राहिला, तर तुमचे 230 व्होल्ट उलटे डीपीत, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, शिरतात आणि वरच्या तारांत 11,000 होऊ शकतात. लाइन बंद आहे म्हणून खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जातो.

परवानाधारक वायरमनकडून मीटरनंतर चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, डबल पोलच हवा. त्याचा दांडा वर केला की महावितरणची वीज, खाली केला की जनरेटरची, मधे बंद. दोन्ही एकदम जोडले जाणं शक्यच नाही. अर्थिंग त्याच वेळी तपासून घ्या. गीझर जनरेटरवर चालवू नका.

आणि पाऊस कितीही असो, जनरेटर पडवीत ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. खिडक्यांपासून लांब, वेगळ्या पत्र्याखाली ठेवा. पेट्रोल भरण्याआधी तो बंद करून थंड होऊ द्या.