मेटाडेटाला ‘दाखला’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: ‘जिओस्पेशियल मेटाडेटा’ला, म्हणजे जमीन-नकाशांच्या डेटाबद्दलच्या माहितीला, ‘भू-अवकाशीय अधिविदा’ म्हणायचं, की याहून सोपं काही आहे? आणि एआय स्वतःच नकाशे वाचू लागल्यावर हे शब्द लागणार तरी कुणाला?

आधी ‘अवकाश’. मराठी वाचकाला त्यातून एकतर यान दिसतं, नाहीतर ‘अजून अवकाश आहे’ मधला वेळ. इथे मात्र बोलायचंय जमिनीबद्दल. ‘भूस्थानिक’ त्यामानाने बरा, जरी ‘स्थानिक’ म्हटलं की आपल्याला गावकरी आठवतात. डेटासाठी ‘विदा’ रुळतोय, तो राहू दे. ‘अधिविदा’ मात्र विदेपेक्षा वरच्या दर्जाची काहीतरी वाटते, आणि मेटाडेटा तर विदेची साधी नोंद: कुणी, कधी, कशाने मोजलं, कोणत्या एककात.

यासाठी आपल्याकडे जुना शब्द आहे, ‘दाखला’. जन्माचा दाखला म्हणजे मूल नव्हे, पण मुलाबद्दल काय काय विचारायचं ते त्यात असतं. मी ‘भूविदेचा दाखला’ म्हणतो. ‘दाखला’चा ‘उदाहरण’ हा अर्थ मध्ये येतो, हे कबूल. पण वाक्यात गोंधळ होत नाही.

आता दुसरा प्रश्न, एआय आल्यावर हे शब्द कुणाला लागणार; तो मला जास्त आवडला. एखाद्या तक्त्यात ‘क्षेत्र’ या रकान्याखाली नुसतं १.२० लिहिलंय. आजच्या सातबाऱ्याच्या रीतीने ते १ हेक्टर २० आर, म्हणजे जवळजवळ तीन एकर. जुन्या एकर-गुंठ्यांच्या रीतीने वाचलं तर १ एकर २० गुंठे, म्हणजे दीड एकर, कारण चाळीस गुंठ्यांचा एकर. आणि कुणी साधा दशांश धरला तर १ एकर ८ गुंठे. आकडा एक, जमिनी तीन! तलाठी विचारेल, “हेक्टर की एकर?” एआयला एकक सांगितलं नाही, तर ते बहुधा न विचारताच एखादं धरून बेरीज करून देतं, आणि बेरीज दिसते अगदी नीटनेटकी.

नकाशाचंही तेच. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या गणिती नमुन्यावर बेतलेले; जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस ८४ या दुसऱ्या नमुन्यावर. डेटम (जागा कोणत्या नमुन्यावर मोजली तो आधार) न पाहता एकावर एक ठेवले तर महाराष्ट्रात विहीर शे-दीडशे मीटर सरकते, म्हणजे सरळ शेजाऱ्याच्या रानात. शेपफाईल (नकाशाची विदा ठेवायचा एक फाईल-प्रकार) पाठवताना हा आधार सांगणारी ‘पीआरजे’ फाईल गाळणाऱ्यांनी हे एकदा करून बघावंच. अक्षांश-रेखांशांचा क्रम उलटला तर गंमत आणखी: पुण्याचे १८.५२ आणि ७३.८६ उलटे वाचले की पुणे नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात. जिओजेसन या नकाशाच्या फाईल-प्रकारात रेखांश आधी येतो, बोलताना आपण अक्षांश आधी म्हणतो.

म्हणजे एआयच्या काळात शब्द उलट जास्तच लागणार. माणूस चुकीच्या जागी थबकतो, यंत्र थबकेलच असं नाही. त्याला थांबवायला दाखल्यातली ओळच हवी.

वापराचं म्हणाल तर दाखला ‘काढतात’, ‘मागतात’, ‘जोडतात’. मेटाडेटा मात्र ‘भरतात’, तोही बहुतेकदा शेवटच्या दिवशी. लेखात मी पहिल्यांदा ‘मेटाडेटा, म्हणजे दाखला’ असं लिहितो आणि पुढे नुसतं ‘दाखला’.