सर्टिफिकेटवर ३० टक्के आले म्हणून

बेटा,

तुझा मेसेज वाचला. दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटवर ३० टक्के आले आणि घरचे म्हणताहेत आता काही मिळणार नाही, सरकारच्या लेखी तू दिव्यांग नाहीसच. हे खरं नाही, आणि जरा लांबलचक लिहितोय कारण धडगाव-अक्कलकुव्याकडची तुझ्यासारखी सिकलसेलवाली (रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात तो जन्मजात आजार असलेली) कितीतरी पोरं बरोबर इथेच हात टेकतात, कागद पेटीत टाकून देतात आणि पुन्हा काढतच नाहीत.

आधी कायदा समजून घे. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते, रक्ताचे आजार त्यात नव्हतेच. २०१६ चा नवा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, त्यात २१ प्रकार आले आणि हिमोफिलिया, थॅलेसेमियाच्या जोडीला सिकलसेल आला. (एसएसवाल्यांसाठी हं, म्हणजे आईबाप दोघांकडून सिकलसेल आलेल्यांसाठी; तुझ्या भावासारखं एएस म्हणजे एकाकडूनच आलेला, फक्त वाहक, ते वेगळं.)

आता नीट बघ, याच कायद्यात दोन व्याख्या आहेत. पहिली दिव्यांग व्यक्तीची, म्हणजे शरीराची, मनाची, बुद्धीची नाहीतर डोळ्याकानाची दीर्घकाळची कमतरता आहे आणि त्यात बाहेरचे अडथळे मिळून ज्याला इतरांच्या बरोबरीनं वावरता येत नाही तो. यात टक्क्याचा शब्दही नाही. दुसरी बेंचमार्कची, जीआरमध्ये लक्षणीय दिव्यांगत्व लिहितात, तिथे ४० टक्के लागतात. लोकांनी या दुसरीलाच सगळं धरून ठेवलंय. अगं, आता यूडीआयडी कार्डच, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्रच, तीन रंगांत येतं, ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं आणि ८० किंवा त्याच्या वर निळं. तू दिव्यांग नसतीस तर सरकारनं पांढरं कार्ड छापलं कशाला असतं?

४० नाहीत म्हणून काय जातं ते पण सरळ सांगतो. सरकारी आणि अनुदानित कॉलेजात उच्च शिक्षणासाठी ५ टक्के जागा आहेत आणि वयात ५ वर्षांची सूट आहे, ते तुला आज लागू नाही. नोकरीतलं ४ टक्के आरक्षण तर ४० आले असते तरी नुसत्या सिकलसेलवर मिळालं नसतं, कारण कलम ३४ मध्ये जे गट दिलेत त्यात रक्ताचे आजार नाहीतच. २१ च्या यादीत घ्यायचं आणि नोकरीच्या यादीतून वगळायचं हे मला आजही पटत नाही. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनला तर ८० टक्के लागतात आणि वर बीपीएल. म्हणजे एकच माणूस एका योजनेत बसतो, दुसरीत नाही.

आणि हे आपल्याकडेच नाही. अमेरिकेत भेदभावाविरुद्धच्या १९९० च्या कायद्याची व्याख्या मोठी आहे, पण सोशल सिक्युरिटीचे पैसे हवे असतील तर वर्षभर तरी धड काम करताच येणार नाही असं दाखवावं लागतं. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात टक्केच नाहीत, रोजच्या कामांवर मोठा आणि साधारण १२ महिन्यांच्या वर टिकणारा परिणाम होतो का एवढं बघतात, आणि कॅन्सर किंवा एचआयव्ही असेल तर निदान झालं त्या दिवसापासून संरक्षण. आपल्या सिकलसेलला अशी व्याख्या किती शोभली असती बघ, कारण हा आजार रोज सारखा नसतो, टक्के ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डापुढे गेलीस त्या दिवशी तू चालत बोलत गेलीस, आणि थंडीत पाणी कमी पडलं की तीच तू आठ दिवस अंथरुणात, हाडं फुटल्यासारखी दुखतात.

आता तुझ्याकडे काय आहे ते. भेदभाव होऊ नये आणि वाजवी सोयी मिळाव्यात हा हक्क पहिल्या व्याख्येला जोडलेला आहे, म्हणजे तुलाही आहे. विकास कुमार नावाच्या उमेदवाराला लिहिताना हात आखडायचा, यूपीएससीच्या परीक्षेला लेखनिक मागितला तर बेंचमार्क नाही म्हणून नाकारला, तो सुप्रीम कोर्टात गेला आणि ११ फेब्रुवारी २०२१ ला कोर्टानं सांगितलं की लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येत नाही. हा निकाल तू स्वतः वाच, मराठीत नाही मिळाला तर मी समजावतो. तुला लेखनिक नको असेल, पण परीक्षेत पाण्याची बाटली, मध्ये थोडा ब्रेक, आणि दुखणं उठलं तर प्रॅक्टिकल नंतर द्यायची मुभा, हे माग. तोंडी नको. प्राचार्यांना अर्ज दे, सोबत सर्टिफिकेट आणि इलेक्ट्रोफोरेसिसच्या (सिकलसेल पक्का करणाऱ्या रक्ततपासणीच्या) रिपोर्टची झेरॉक्स लाव, आणि आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नकोस.

टक्का चुकीचा वाटत असेल तर कलम ५९ खाली अपील आहे, पण त्यासाठी कागद लागतात, नुसती तक्रार चालत नाही. ॲडमिट झालीस त्या प्रत्येक वेळचं डिस्चार्ज कार्ड, रक्त चढवल्याच्या नोंदी, आश्रमशाळेतली गैरहजेरी, सगळं तारखेनं लाव. आईनं जुनी कार्डं कुठे ठेवलीत ते याच रविवारी विचार.

अपिलाला मुदत असते, त्यामुळे दिवाळीची वाट बघू नकोस. बाजाराच्या दिवशी शहाद्याला आलीस की फाईल घेऊन घरी ये, दोन्ही अर्ज बसून लिहू.

तुझा,
काका