कुत्रा परवडेल, पॉलिसी परवडत नाही

प्रश्न : मी ४१ वर्षांची, घरात एकटी कमावती. सोबत आई आणि १२ वर्षांचा मुलगा. मुलाच्या हट्टापायी प्राण्यांच्या निवारा केंद्रात जाऊन आलो आणि सहा वर्षांचा एक कुत्रा दोघांनाही आवडला. पण संस्था दत्तक शुल्क मागते. बेवारस प्राण्याला घर द्यायचं आणि वर पैसेही आपणच मोजायचे? ओळखीत एक पिल्लू फुकट मिळतंय. शुल्क भरून मोठा कुत्रा आणावा की पिल्लू? कुत्र्याचा विमा काढावा का? खर्चाची तशी काळजी नाही. चार वर्षं माझी आयुर्विम्याची पॉलिसी चालू आहे, त्यात बरीच बचत झाली आहे, आणि अडीनडीला क्रेडिट कार्ड आहेच. एजंट असलेला मावसभाऊ म्हणतो, कुत्र्याच्या म्हातारपणासाठी तशीच आणखी एक छोटी पॉलिसी घेऊन टाक.

उत्तर : तुमच्या लांब पत्रातले आणि सोबत जोडलेल्या कागदांतले खरे आकडे इथे उघड करत नाही. महिन्याची मिळकत १०० धरली आहे, पुढचा सगळा हिशेब त्याच मापात वाचा.

विचारलंत ते आधी उरकू. शुल्क ५ आहे. भरून टाका. संस्थेच्या कागदावर नसबंदी, लसी, जंताचं औषध आणि ओळख पटवणारी मायक्रोचिप एवढं झाल्याचं लिहिलंय. हे सगळं बाहेर करायला गेलात तर ५ मध्ये भागणार नाही. फुकटच्या पिल्लाला डिस्टेंपर आणि पार्व्हो या जीवघेण्या रोगांची लस सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी टोचावी लागते, मग रेबीज, मग नसबंदी. शिवाय पिल्लू किती वाढेल ते आज कळत नाही, आणि कुत्र्याचा खर्च वजनावर चालतो. औषधाचा डोस, भूल, खाणं, सगळं किलोवर. सहा वर्षांच्या कुत्र्याचं माप समोर दिसतं, स्वभावही बऱ्यापैकी दिसतो.

आता मसाल्याकडे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, तुम्ही कोंबडीच्या भावावर घासाघीस करताय आणि मसाला मोजलेलाच नाही. कुत्र्याचा महिन्याचा खर्च तुम्ही ४ लिहिलाय. त्यात खाणं आहे, गोचिडांचं औषध आहे. पण कामानिमित्त महिन्यातले चार दिवस तुम्ही बाहेरगावी असता हे तुम्हीच पुढच्या पानावर लिहिलंय. कुत्र्याला ओढ लागली की आवरणं तुमच्या आईच्या आवाक्यातलं नाही. त्या दिवसांचं बोर्डिंग, म्हणजे पैसे देऊन त्याला बाहेर ठेवणं, धरून मी ६ मांडतो. मध्यम आकाराचा मिश्र जातीचा कुत्रा साधारण १२-१३ वर्षं जगतो, म्हणजे अजून सातेक वर्षं. झाले ५००. दवाखान्याचे मोठे प्रसंग मिळून आणखी ३०० धरा. एकूण ८००, तुमची आठ महिन्यांची मिळकत. ५ चं शुल्क यात कुठे बसतं ते बघा.

शुल्कापेक्षा एक ओळ महत्त्वाची होती आणि तिच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत. कागदावर ‘मागचा डावा पाय किंचित लंगडतो’ असं लिहिलंय. गुडघ्याचं लिगामेंट गेलेलं असेल तर ऑपरेशन निघू शकतं, आणि ते एकटं १५० खाईल. एक्स-रे काढला आहे का, नसेल तर दत्तक देण्याआधी काढाल का, हे लेखी विचारा. दातांवर कीटण आहे असंही आहे. कुत्र्याचे दात नीट साफ करायचे तर पूर्ण भूल द्यावी लागते, तो खर्च पहिल्याच वर्षात धरा. हार्टवर्मची, म्हणजे हृदयातल्या जंताची, चाचणी झालेली दिसत नाही. डासांमधून होणारा हा आजार, उपचार काही महिने चालतात आणि प्रतिबंधाच्या गोळीच्या मानाने फार महाग पडतात.

म्हणूनच विम्याकडून फार आशा ठेवू नका. स्वीडनमध्ये १९२४ पासून कुत्र्यांचे विमे उतरवले जातात. धंदा जुना आहे आणि आपली बाजू राखायला शिकलेला आहे. आधीपासूनचे आजार सहसा वगळलेले असतात, आणि तुमच्या कुत्र्याचा लंगडा पाय कागदावर आलेला आहे. सुरुवातीचा प्रतीक्षाकाळ वेगळा. बहुतेक पॉलिसींमध्ये बिल आधी तुम्ही भरायचं, पैसे मागाहून मिळणार. म्हणजे दवाखान्याच्या काउंटरवर रोख तुमचीच लागणार.

आणि ती तुमच्याकडे नाही. बँकेत ९० आहेत, एका महिन्याच्या खर्चाला जेमतेम. पॉलिसीतले ७२० तुम्ही बचतीत धरलेत. ते ७२० म्हणजे तुम्ही भरलेले हप्ते आहेत. तुम्हीच जोडलेल्या कंपनीच्या पत्रात आज मोडल्यास मिळणारी रक्कम ३५० आहे. पत्र उघडून वाचलं होतंत का?

पॉलिसी काय आहे ते पाहू. वर्षाला १८०, बारा वर्षं भरायचे, म्हणजे २१६०. विसाव्या वर्षी ‘जवळजवळ दुप्पट’, म्हणजे ४०००. दुप्पट हा शब्द ऐकला की माणसं वर्षं मोजायचं विसरतात, हे मावसभावाला चांगलं ठाऊक आहे. हप्ता सरासरी साडेचौदा वर्षं अडकून पडतो. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ ला भागलं की वर्षाचा दर साधारण कळतो. ७२ ला साडेचौदाने भागा, पाच टक्के आले, आणि तेही पुरती दुप्पट झाली तर. खरा परतावा सव्वाचारच्या आसपास बसतो. त्या ४००० मध्येही पक्के १८०० च आहेत, उरलेला बोनसचा अंदाज.

विमा म्हणून ती आणखी वाईट. उद्या तुम्हाला काही झालं तर घरी १८०० आणि थोडाफार जमलेला बोनस येईल. दीड वर्षाच्या मिळकतीहून फारसं जास्त नाही. मुलगा तेव्हा कितवीत असेल याचा हिशेब पॉलिसी विकणाऱ्याने करायला हवा होता. नातं मध्ये असलं की हा प्रश्न कुणी विचारत नाही.

पण तुमच्या पत्रातली सगळ्यात महाग गोष्ट वेगळीच आहे, आणि ती तुम्ही आधार म्हणून सांगितलीत. कार्डावर ३०० थकले आहेत, व्याज वर्षाला ३० टक्के. म्हणजे व्याजच ९०. तुम्ही महिन्याला ८ भरता, वर्षाचे झाले ९६. वर्षभर भरून मुद्दल ६ ने खाली येतं! आणि याच कार्डावर कुत्र्याचं ऑपरेशन करायचं ठरवलंय. महिन्याला १५ उरतात असं लिहिलंत. उरत असते तर ३०० चढले नसते. मी ५ च धरतो.

पॉलिसी मोडा. ७२० चे ३५० हातात घेताना जीव तुटेल हे मला कळतं, पण ते ३७० आज जाणार नाहीत, सही केली त्या दिवशीच गेले. झालं ते विसरून इथून पुढचाच हिशेब मांडला तर पॉलिसी सहाएक टक्के देईल. कार्ड नसतं तर मी मोडा म्हणायला कचरलो असतो, कदाचित हप्ते थांबवून ती पेड-अप, म्हणजे भरलेल्या हप्त्यांपुरतीच चालू, ठेवा म्हटलं असतं. पण सहा टक्के मिळवायला तीस टक्के भरणं चाललंय. ३५० मधून कार्ड पूर्ण फेडा, ५० उरतील. क्रम मात्र चुकवू नका. आधी निव्वळ टर्म इन्शुरन्स, म्हणजे बचत नसलेला, मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा घ्या, दहा वर्षांच्या मिळकतीचा. महिन्याला साधारण २ पडेल. त्याचा कागद हातात आल्यावरच जुनी मोडा.

हप्त्याचे १५ आणि कार्डाचे ८ सुटले, हाताशी असलेले ५ मिळवा, टर्मचे २ वजा करा. महिन्याला २६ राहिले. तीन महिन्यांत ७८, त्यात ५० आणि बँकेतले ९०. झाले २१८, म्हणजे हप्ता आणि कार्ड गेल्यावर उरणाऱ्या घरच्या तीन महिन्यांच्या खर्चाची (महिन्याला ७२) सोय. त्यानंतर कुत्रा आणा, त्याचे ६ आरामात निघतात. शिवाय दरमहा ४ त्याच्या नावाच्या वेगळ्या खात्यात टाका, तीन वर्षांत एका ऑपरेशनची बेगमी होते.

मावसभावाची दुसरी पॉलिसी पिकेल तेव्हा हा कुत्रा २६ वर्षांचा असेल. ऑस्ट्रेलियातला ब्लूई नावाचा कुत्रा १९३९ साली २९ वर्षांचा होऊन गेला आणि आजवरच्या सगळ्यात दीर्घायुषी कुत्र्यांत त्याचं नाव घेतलं जातं. तुमचा कुत्रा त्याच्या जवळपास जाणार असेल तर जरूर घ्या. तुमच्या मागे त्याचं कोण करणार ही काळजी मात्र खरी आहे. बहुतेक देशांचा कायदा प्राण्याला मालमत्ता मानतो, त्याच्या नावे पैसे ठेवता येत नाहीत. कोण सांभाळणार ते आज त्या माणसाला विचारून ठरवा आणि मृत्युपत्रात रक्कम त्या माणसाला द्या. संस्थेच्या करारात ‘सांभाळणं जमलं नाही तर कुत्रा आमच्याकडे परत’ असं कलम आहे का तेही पाहा. अनेक संस्था ते घालतातच.

तीन महिने थांबायला मुलगा तयार होणार नाही, म्हणून संस्थेला विचारा की तोवर फोस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरता सांभाळायला, द्याल का. फोस्टरच्या काळात दवाखान्याचा खर्च बऱ्याचदा संस्थाच उचलते. नाही म्हणाले तर कुत्रा नसतानाही दर महिन्याला १० बाजूला टाकत चला, पहिल्या तारखेला. ते कोणत्या महिन्यात चुकतात ते लिहून ठेवा, आणि एक्स-रेचं काय झालं ते कळवा.